धाकट्याची हळद

शेवटी उन्नतीनं घरातलं दूधही अर्ध्यावर आणलं. केबल आधीच गेली होती, रविवारचं मटण गेलं होतं, आणि पूर्णा गावातल्या गोदामात ड्युटीला जायची रिक्षाही गेली. आता ती पायीच जायची. तिच्या नवऱ्याच्या हळदीला सासऱ्यांनी अख्खं राहनाळ गाव जेवू घातलं होतं. त्या खर्चासाठी लग्नानंतर महिन्याभरातच तिच्या पगारावर कर्ज काढलं, आणि तीन वर्षं हप्ते तीच फेडत होती. आणखी सहा महिने, मग सुटका.

आणि आज सासूबाई धाकट्या दिराच्या, धनेशच्या हळदीची यादी करायला बसल्या. पहिल्याच ओळीत डीजे.

“आई, या वेळी घरच्या घरी करूया ना.”

“आन् लोकं काय म्हनतील? थोरल्याच्या हळदीला डीजे, न् धाकट्याच्या हळदीला कुकरची शिटी?”

उन्नतीचं डोकंच फिरलं. हातातलं भांडं तिनं आदळलं. “मग करा काय करायचं ते! पण मी आता कुठल्याच कागदावर सही करणार नाय. आताच सांगून ठेवते.”

सासूबाई चिडल्या नाहीत. त्यांनी यादीवरून मान वर केली आणि मायेनं म्हणाल्या, “तुझ्यावर कशाला टाकू, बये? धनेशला पोरगी बघतानाच समदी चौकशी केलीय. तिला तुझ्यापरीस चार हजार पगार जास्त हाय.”