पिवळेकाळे पट्टे
लेक कोळ्यांचा अभ्यास करते आणि मी पेस्ट कंट्रोलवाला, म्हणून घरात आमची कायम थट्टा चालते. आज ती पहिल्यांदाच मला माळावर घेऊन आली. “बाबा, गवतात खाली बघा. जाळ्याच्या मधोमध पांढरी नागमोडी शिवण दिसेल.” वाकलो, तर तिच्या गुडघ्याशी पिवळेकाळे पट्टे दिसले. गांधीलमाशी! हाताला सवयच, कळायच्या आत टोपी हाणली. “वाचलीस,” मी ऐटीत म्हणालो. लेकीने टोपी उचलली. खाली शिवण उसवली होती. “हीच ती, बाबा. कोळीण. माणसाला काही करत नव्हती बिचारी. पट्टे नुसते पाखरांना घाबरवायला.” तोंडात मारल्यासारखं झालं. शेजारच्या काडीला इवल्याशा गाडग्यासारखी तपकिरी पिशवी लटकत होती. “आत अंडी आहेत.” “बघू,” म्हणत मी पुढे झालो. लेकीने चटकन दोन्ही हातांचा आडोसा केला. वारा नव्हता. समोर फक्त मी होतो.