लाल कॅलिपर

रेस ट्रॅकवर पळवायची म्हणून त्याने गाडीला नवे ब्रेक बसवून घेतले. ताटाएवढ्या डिस्क, त्यांना आवळणारे लाल कॅलिपर. थाट विचारू नका.

"माझ्याही गाडीचे ब्रेक बघ ना. सहा महिने करकरतायत," बायको म्हणाली.

"अगं, तुझी गाडी शाळा ते बाजार फिरणार. तिला कसले एवढे ब्रेक लागतात?"

रविवारी तो ऐटीत निघाला. त्याचे जादा टायर मागच्या सीटवर कोंबून बायको तिच्या गाडीने मागोमाग. ट्रॅकच्या फाटकाशी मित्र उभे दिसले, तशी याला हुक्की आली. त्याने करकचून ब्रेक लावला. गाडी जागच्या जागी थांबली!



बायकोची थांबली ती थेट त्याच्या डिकीत.