उतारा शुद्ध करा

आठवीच्या वर्गाला द्यायचा अशुद्ध उतारा मास्तरांनी चुकून मोबाइलवरच्या साहित्यसमूहावर टाकला आणि ते आंघोळीला गेले. ‘चुका शोधून उतारा शुद्ध करा’ ही वरची सूचना कॉपी करायची राहिली होती.

उतारा असा: ‘काल मी गावाला जाईन. उद्या आजोबा वारली. आई दूध तापवला आणि घर आमच्यात राहतात.’

अंग पुसून बाहेर येईपर्यंत कौतुकाचा नुसता पूर. “उद्या आजोबा वारली! सर, काळाची काय मोडतोड केलीत!” “आजोबांमधली आजी दिसली, काटा आला.” समूहात एक निवृत्त वकीलकाका होते. ते आधी ‘निःशब्द’ लिहायचे आणि मग पानभर बोलायचे. ‘घर आमच्यात राहतात’ यावर त्यांनी दोन पानं बोलून घेतलं. समूहचालक बाई म्हणे तीनदा वाचून तीनदा रडल्या. धन्य त्या बाई, आणि धन्य ते डोळे!

मास्तर मटकन खुर्चीत बसले. सोमवारी ते राजीनामा देणार होते. शाळा सोडून पूर्णवेळ लेखक व्हायचं, ते याच मंडळींच्या भरवशावर. या लोकांनी त्यांना वर्षानुवर्षं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. मास्तर तरी कुठे धुतल्या तांदळाचे? वर्गात पोरांना धडा मनात वाचायला लावून स्वतः टेबलाखाली मोबाइल धरायचे आणि एक ओळ न वाचता दिसेल त्याला ‘अप्रतिम’ ठोकायचे. अहो रूपं अहो ध्वनिः, दुसरं काय!

“अहो, काय झालं?” बायकोने विचारलं.

त्यांनी मोबाइल पुढे केला. ती वाचून जी हसत सुटली, ती त्यांचा चेहरा पाहूनच थांबली.

“चूक झाली म्हणून सांगून टाका की.”

“आणि एवढ्या जणांना तोंडघशी पाडू?”

“ते पडतील कसले! बरं, मग तुमची ती आईंची गोष्ट टाका. ती तरी वाचतील.”

आई गेल्यापासून मास्तर ती गोष्ट लिहीत होते. शेवटी शेवटी आई त्यांना ओळखत नव्हती, ‘तुम्ही कोणाकडे आलात?’ असं विचारायची, आणि एक दिवस वैतागून त्यांनी ‘कोणाकडेच नाही’ असं उत्तर दिलं होतं. ते त्यांनी जसंच्या तसं लिहिलं होतं. बाकी मास्तरांचं सगळं लिखाण रद्दीत घाला, पण ही गोष्ट खरी होती. सख्ख्या भावालाही त्यांनी ती दाखवली नव्हती.

त्यांनी ती टाकली. बायको शेजारी येऊन बसली.

मग वकीलकाकांनी ‘छान’ लिहिलं. एवढंच. निःशब्द वगैरे काही नाही. कोणीतरी दोन हात जोडले. शेवटी समूहचालक बाईंनी फार मायेने लिहिलं:

“रागावू नका हं, पण मघाच्या कथेची सर हिला नाही, सर.”