चाटणवीट

"जिथं शास्त्र येतं तिथं भुतं टिकत नाहीत," असं बायकोला बजावत भिमाण्णाने मेंढ्यांच्या शेडात क्षारांची नवी चाटणवीट टांगली. पहिल्यांदा ती त्याच्याच पायावर पडली.

आखूड केसांच्या चाळीस मेंढ्या, सगळ्या गाभण. दुपारपर्यंत एकीनेही वीट चाटली नाही. सगळ्या विटेशेजारच्या रिकाम्या जागेकडे टक लावून उभ्या होत्या. तिथे भिमाण्णाचे वडील, पुढचा मधला दात पडलेले आबा, बसायचे. कुठलंही मीठ आधी स्वतःच्या जिभेवर घेऊन मगच ते मेंढ्यांना द्यायचे. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

आता विटेचा एक कोपरा ओला दिसला. त्यावर दातांचे ठसे होते, मधला एक दात सोडून. बायकोने डोक्यावर पदर घेतला.

"तांबं हाय हिच्यात," रिकाम्या जागेतून आवाज आला. "गाईची वीट हाय ही. मेंढीला तांबं पचत न्हाई. म्हैन्याभरात कळप आडवा हुईल."

भिमाण्णाने वेष्टन उलटून पाहिलं. त्यावर गाय हसत होती. त्याने वीट सोडवली. "चुकलं, आबा."

"असू दे. पोरी," आवाज सुनेकडे वळला, "त्वांड लई कडू पडलंय. गुळाचा खडा आण की."