दोन बादल्या गरम पाणी

ट्राममध्ये बसायला जागा मिळाली, आणि कौमुदीने पहिलं काम केलं ते नवऱ्याला आपला पराक्रम कळवण्याचं.

न्युरेम्बर्गमध्ये रात्रभर बर्फ पडला होता. या आठवड्यात बर्फ काढायची पाळी त्यांच्या घराची. तशी पत्र्याची पाटी रविवारी संध्याकाळीच त्यांच्या दाराच्या मुठीला येऊन लटकली होती. सातच्या आत घरासमोरची वाट मोकळी हवी, असा इथला नियम. कौमुदीला जाग आली पावणेसातला. फूटपाथ तिने फावड्याने साफ केला, पण दारापुढच्या पाच दगडी पायऱ्यांवरचा तुडवलेला बर्फ काही फावड्याला दाद देईना, आणि घड्याळात आठला दहा कमी. मग साताऱ्याच्या बाईने करावं तेच तिने केलं. न्हाणीघरातून दोन बादल्या कढत पाणी आणलं आणि अंगणात सडा घालावा तसं वरून खाली ओतलं. पायऱ्या काळ्याभोर निघाल्या. हे जर्मन लोक इतकी वर्षं फावडी कशाला झिजवतात, असाही एक विचार तिच्या मनात येऊन गेला.

हे सगळं तिने व्हॉइस मेसेजमध्ये तपशीलवार सांगितलं, शेवटच्या विचारासकट. हृषिकेश सकाळच्या पाळीला होता, इथून पन्नास मिनिटांवरच्या कारखान्यात. तो इंजिनिअर, कौतुक करण्याआधी तपासून घेतो. त्याचं उत्तर लगेच आलं.

"पाणी? बाहेर उणे आठ आहे, कौमुदी."

पाठोपाठ दुसरं. "किती वेळ झाला?"

"पंधरा मिनिटं."

"मग आता काच झाली असेल."

दोघांच्याही डोळ्यांपुढे एकच बाई होती. तळमजल्यावरच्या फ्राऊ लिंडनर, म्हणजे लिंडनरबाई, वय एक्क्याऐंशी, ऑक्टोबरात खुब्याचं हाड बदललेलं. बरोबर आठ चाळीसला त्या पाव आणायला निघतात, आणि त्या पाच पायऱ्या उतरल्याशिवाय कोणालाच त्या घरातून रस्त्यावर येता येत नाही.

फोन करावा तर नंबर नव्हता. तीन महिन्यांच्या शेजारात एकूण देवघेव म्हणजे रोजचं एक गुड मॉर्निंग, जर्मनमधलं, आणि दोन तक्रारी. एक फोडणीच्या वासाबद्दल, एक रविवारी काचेच्या बाटल्या टाकल्याबद्दल. तक्रारी दोन्ही त्यांच्याच. नंबर मागावा असं ना त्यांना वाटलं, ना यांना.

आता दुसरी बाजू. जर्मनचा वर्ग साडेआठला. त्या मिनिटाला मॅडम दार लावतात आणि हजेरी घेतात. दार लागल्यावर आलं की ती गैरहजेरीच, आणि गैरहजेऱ्यांचा कोटा कौमुदीने डिसेंबरच्या बर्फातच संपवला होता. आज दार चुकलं की परीक्षेच्या यादीतून तिचं नाव जाणार आणि तिच्या जागी रांगेतलं पुढचं येणार. पुढची परीक्षा जूनमध्ये. एप्रिलपासून ज्या लॅबने तिला घेऊ म्हटलं होतं, ती सर्टिफिकेटसाठी जूनपर्यंत थांबणार नव्हती. तसं त्यांनी पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, आणि ते पत्र कौमुदीने डिक्शनरी न उघडता वाचलं होतं.

ट्राम वेळेवर होती. नेमकी आजच वेळेवर होती.

तिने एक स्टॉप जाऊ दिला. कदाचित फ्राऊ लिंडनर आज इतक्या थंडीत निघणारच नाहीत, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण गेल्या आठवड्यात, उणे अकरामध्ये, याच बाई पाव घेऊन परत येताना तिला दारात भेटल्या होत्या. पुढच्या स्टॉपला ती उतरली.

"क्लास?" हृषिकेशने विचारलं होतं. तिने फोन खिशात टाकला आणि रस्ता ओलांडून उलट्या दिशेच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिली.

घरापाशी पोचली तेव्हा आठ एकोणतीस झाले होते. पायऱ्या खरंच काच झाल्या होत्या. काळ्या, स्वच्छ, आणि बघणाऱ्याला वाटावं, नुसत्या ओल्या आहेत. कौमुदी कठडा धरून, गुडघे टेकत वर चढली. एकतीस वर्षांची बाई रांगत घरात शिरताना समोरच्या खिडकीतल्या मांजराने पाहिलं, बाकी कोणी नाही. जिन्याखालची, घसरू नये म्हणून बर्फावर टाकायच्या बारीक खडीची बादली तिने ओढून आणली आणि सगळ्यात वरच्या पायरीपासून सुरुवात केली. आधी चिमटीने, रांगोळीच्या सवयीप्रमाणे. मग लक्षात आलं, हे असं संध्याकाळपर्यंत चालेल. मग मुठीने.

चौथ्या पायरीवर फोन थरथरला. वर्गातली ईप्सिता होती. "मॅडमनी तुझं नाव दोनदा घेतलं. यादी ऑफिसात गेली ग."

कौमुदीने पाचव्या पायरीवर जरा जास्तच खडी टाकली.

आठ चाळीसला दार उघडलं. फ्राऊ लिंडनर एका हातात काठी आणि पावाची पिशवी घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं, खडीकडे पाहिलं, कौमुदीच्या ओल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"हे सातच्या आत करायचं असतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला उशीर झाला."

"गेनाऊ," कौमुदी म्हणाली. बरोबर आहे.

फ्राऊ लिंडनरनी कठडा धरला आणि काठीने पहिली पायरी चाचपली. मग दुसरी. तिसरीवर त्यांनी काठी काखेत मारली, कठडा सोडला, आणि हातमोजे चढवत चढवत उरलेल्या दोन पायऱ्या उतरून गेल्या.