डावा कान

"रेघा हायतच की," केराबाई म्हणाली आणि तिनं छापलेल्या कानावरून नख फिरवलं. करकर वाजलं.

अभिमन्यूनं कपाळाला हात लावला. हा दुसऱ्यांदा छापलेला कान. शुक्रवार पेठेतल्या त्याच्या थ्रीडी प्रिंटिंगच्या दुकानातून लोक नावाच्या पाट्या, ट्रॉफ्या छापून न्यायचे, आजवर एकालाही रेघ दिसली नव्हती. दिसली ती या सांगोल्याकडच्या बाईला. तिचा नवरा सिद्धनाथ शेजारी स्टुलावर गप्प बसलेला, जणू कान दुसऱ्याच कुणाचा. मोटारसायकल घसरली तेव्हा त्याचा डावा कान गेला होता. परवा लेकीचं लग्न, आणि मांडवात दोन्ही कानांनिशी उभं राहायचं हा त्याचा हट्ट. फेट्याखाली झाका म्हटलं तर ऐकेल तो सिद्धनाथ कसला!

अभिमन्यूनं पुन्हा समजावलं. तुमचाच उजवा कान स्कॅन केला, संगणकात उलटा करून डावा केला. मशीन प्लास्टिकच्या थरावर थर घालतं, थर आला की रेघ आलीच. या कानावरून साचा होणार, साच्यातून रबरी कान निघणार, रेघ त्यातही उतरणार. केराबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, पण कानाला बांध कशाला घातल्यात?

झक मारली आणि हे काम घेतलं! त्यानं थर निम्म्यानं पातळ केला, कान तिरका ठेवून तिसऱ्यांदा छापला. मग पॉलिश पेपर घासला, पाणी मारून आणखी बारीक पेपर घासला. खाच दिसली की पुट्टी, खड्डा दिसला की पुट्टी. पाळीवर एक बारीक भोक तर तिन्ही वेळा त्याच जागी आलेलं. मशीनचा खोडसाळपणा, दुसरं काय? तेही त्यानं चेव आल्यासारखं बुजवलं. बोटांची सालटी निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रबरी कान तयार झाला. केराबाईनं नख फिरवलं, परत फिरवलं. आवाज नाही. बरा झालाय, एवढंच म्हणाली. अभिमन्यूला तेवढ्यानंही भरून आलं.

सिद्धनाथनं खिशातून रुमाल काढून गाठ सोडली. आत सोन्याची बाळी होती. रस्त्यावर कान सापडला नव्हता, ही सापडली होती. तिची जोड उजव्या कानात होती. चमकते म्हणून स्कॅनपुरती ती अभिमन्यूनंच काढायला लावली होती.

बाळीचं टोक पाळीवर फिरलं. मग अंगठा फिरला.

"भोक कुटं हाय?" सिद्धनाथनं विचारलं.

मीच बुजवलं, अभिमन्यू म्हणाला.

"मग टोचा की आता," केराबाई म्हणाली.

त्यानं दाभण लायटरवर तापवला, कान टेबलावर धरला. केराबाईनं त्याला थांबवलं. पिशवीतून गुळाचा खडा काढून नवऱ्याच्या हातावर ठेवला, मग मान हलवली.

दाभणाचं टोक पाळीला टेकलं, तसे चार हात लांब बसलेल्या सिद्धनाथनं डोळे गच्च मिटून घेतले.