विकायला आणलेला मृदंग

या, जवळ सरका, मृदंगाची एक गोष्ट सांगतो. नवागामच्या भागीरथीबाईंनी मृत्युपत्रात आपली खोली भजनासाठी ट्रस्टला दिली. विश्वस्त ललितभाऊ ती साड्यांच्या गोदामाला भाड्याने द्यायला निघाले, तेव्हा दुसरे विश्वस्त लोटूनाना “हे चालेल का?” विचारायला कोर्टात गेले. ललितभाऊ तडकले, “कोर्टाची हौस तुमची, मग वकिलाची फीही तुमचीच!” निकालाच्या दिवशी नाना वडिलांचा मृदंग गळ्यात अडकवूनच आले. “हे काय?” न्यायाधीशबाईंनी विचारलं. “फीसाठी विकायचाय, मॅडम. इथूनच बाजारात जाईन.” बाई हसल्या. “तुम्ही स्वतःसाठी थोडंच मागितलंत? ट्रस्टसाठी विचारलंत, खर्च ट्रस्टच देईल. आणि खोलीत भजनच होईल.” ओशाळलेल्या ललितभाऊंनी बाहेर येताच मृदंग आपल्या स्कूटरवर चढवला. “बसा मागे, नाना! एकादशीला टाळ मी धरतो.” मंडळी, त्या खोलीत थाप पडली, की भागीरथीबाईंना एकदा आठवा बरं.